प्रेक्षकाचे मत : ब्रिटिश सोप मालिका आणि दिवसाच्या कार्यक्रमांच्या संदर्भात

प्रस्तावना

९ डिसेंबर १९६० रोजी ब्रिटनमधील ग्रॅनाडा टेलिव्हिजनने 'कॉरोनेशन स्ट्रीट' या मालिकेचा पहिला भाग प्रक्षेपित केला. 'डेली मिरर' या वृत्तपत्राच्या समीक्षकाने ही मालिका फार काळ तग धरणार नाही, असे भाकीत लगोलग वर्तविले. त्यानंतर सहा दशकांहून अधिक काळ लोटला तरी मालिका चालूच आहे, आणि पहिल्या भागात महाविद्यालयीन विद्यार्थी केन बार्लोची भूमिका करणारे विल्यम रोच हे वयाच्या नव्वदीनंतरही तीच भूमिका करीत राहिले. या भाकिताचा उल्लेख ब्रिटिश दूरचित्रवाणीच्या इतिहासात बहुधा गमतीचा किस्सा म्हणून येतो. परंतु समीक्षकाची चूक अभिरुचीची नव्हती, पद्धतीची होती. त्याने एक भाग पाहून निर्णय दिला. ज्या कलाप्रकाराला शेवट नाही आणि ज्याचा अर्थ वर्षानुवर्षांच्या साठवणीतून तयार होतो, त्याला एका भागावरून जोखता येत नाही. हा निर्णय देण्याची पात्रता ज्याच्याकडे होती तो प्रेक्षक मात्र त्या वेळी अद्याप तयार व्हावयाचा होता.

दूरचित्रवाणीवरील मालिका आणि कार्यक्रमांविषयी प्रेक्षक जे बोलतो त्याला 'मत' म्हटले जाते, 'समीक्षा' म्हटले जात नाही. मत मोजले जाते, समीक्षा वाचली जाते. प्रस्तुत लेखात ब्रिटिश सोप मालिका व दिवसाच्या वेळी प्रक्षेपित होणारे कार्यक्रम यांच्या संदर्भात प्रेक्षकाच्या मताचे स्वरूप तपासावयाचे आहे. या मताला स्वतःचे निकष आहेत काय, असल्यास ते कोठून येतात, आणि ते मत कोणत्या परिस्थितीत विचारपूर्वक केलेला निवाडा ठरते व कोणत्या परिस्थितीत नुसती दगडफेक ठरते, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

सोप मालिकेचे ब्रिटिश रूप

'सोप ऑपेरा' ही संज्ञा अमेरिकी नभोवाणीवर १९३० च्या दशकात रूढ झाली. साबणाच्या कंपन्या ज्या दैनंदिन श्राव्य मालिकांचे प्रायोजकत्व घेत त्यांना उपहासाने दिलेले हे नाव होते. ब्रिटनने नाव स्वीकारले, पण प्रकार वेगळा घडविला. मराठी वाचकाने येथे आपल्याकडील दैनंदिन मालिका डोळ्यांसमोर आणल्यास गैरसमज होण्याची शक्यता आहे. आपल्या मालिकेला नायिका असते, तिच्या विवाहापासून किंवा तिच्यावरील अन्यायापासून कथा सुरू होते आणि कधीतरी संपते. ब्रिटिश सोप मालिकेत नायिकेच्या जागी एक गल्ली किंवा चौक असतो. 'कॉरोनेशन स्ट्रीट'मध्ये मँचेस्टर परिसरातील वेदरफिल्ड नावाचे काल्पनिक गाव आहे, 'ईस्टएंडर्स'मध्ये (१९ फेब्रुवारी १९८५ पासून) लंडनच्या पूर्व भागातील वॉलफर्ड आहे, 'ब्रुकसाइड'मध्ये (१९८२ ते २००३) लिव्हरपूलमधील एक लहानशी वसाहत होती. माणसे येतात, मरतात, स्थलांतर करतात. गल्ली आणि तिच्या कोपऱ्यावरचा पब राहतो.

या गल्लीची निवडही अर्थपूर्ण आहे. रिचर्ड हॉगर्ट यांचा 'द युझेस ऑफ लिटरसी' हा कामगारवर्गाच्या संस्कृतीवरील ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. 'कॉरोनेशन स्ट्रीट' त्यानंतर तीन वर्षांनी आली. पहिल्याच भागात शिकून वर आलेल्या केनला घरातील जेवणाच्या टेबलावरच्या रीतीभातींचा संकोच वाटतो. शिष्यवृत्तीवर शिकलेल्या मुलाची घराशी पडत जाणारी जी फट हॉगर्ट यांनी वर्णिली होती, तीच येथे सॉसच्या बाटलीपाशी दिसते. टोनी वॉरन या मालिकेच्या निर्मात्या-लेखकाचे वय त्या वेळी अवघे चोवीस होते.

'क्रॉसरोड्स' आणि डोरोथी हॉब्सन यांचा अभ्यास

प्रेक्षकाच्या मताकडे गांभीर्याने पाहण्याची सुरुवात, योगायोगाने, ब्रिटनमधील सर्वाधिक टवाळी झालेल्या मालिकेपासून झाली. 'क्रॉसरोड्स' (१९६४ ते १९८८) ही मिडलँड्समधील एका मोटेलभोवती फिरणारी मालिका होती. डळमळीत नेपथ्य व विसरलेले संवाद यांबद्दल ती विनोदवीरांचा हक्काचा विषय झाली होती. नियामक मंडळालाही तिची लोकप्रियता खटकत असे. गुणवत्तेच्या कारणास्तव तिचे आठवड्यातील भाग कमी करावयास लावण्यात आले. मात्र मोटेलची मालकीण मेग हिची भूमिका करणाऱ्या नोएल गॉर्डन यांना 'टीव्ही टाइम्स' या साप्ताहिकाच्या वाचकांनी वर्षामागून वर्षे पसंतीचा पुरस्कार दिला. १९८१ मध्ये वाहिनीच्या व्यवस्थापनाने त्यांनाच मालिकेतून काढून टाकले. पडद्यावर मोटेलला आग लागली, मेग त्यात गेली असावी असे प्रेक्षकांना वाटू दिले गेले, आणि पुढे ती एका जहाजातून परदेशी जाताना दाखविली गेली.

याच सुमारास बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या समकालीन संस्कृती अभ्यास केंद्रातील संशोधक डोरोथी हॉब्सन या मालिकेचा अभ्यास करीत होत्या. त्यांचे 'क्रॉसरोड्स : द ड्रामा ऑफ अ सोप ऑपेरा' हे पुस्तक १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी निर्मितीस्थळी निरीक्षण केले, निषेधाची पत्रे वाचली आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रेक्षकांच्या घरी जाऊन त्यांच्यासोबत मालिका पाहिली. मालिकेची वेळ सायंकाळच्या जेवणाची. बायका स्वयंपाक करीत, मुलांना जेवू घालीत, मध्येच येऊन पडद्याकडे पाहात. वरवर पाहता हे दुर्लक्ष वाटावे. हॉब्सन यांना त्यात एक प्रकारचे कौशल्य दिसले. कोणता प्रसंग नुसता ऐकला तरी चालतो आणि कोणत्या प्रसंगासाठी हातातले काम ठेवून यावे लागते, हे त्या स्त्रियांना अचूक कळत होते. पात्राने काय केले एवढ्यावरच त्या थांबत नव्हत्या. 'तिने असे करणे शक्य आहे काय' हे त्या स्वतःच्या आयुष्यातील अनुभवाशी ताडून ठरवीत होत्या. जितके प्रेक्षक तितक्या 'क्रॉसरोड्स', असा त्यांच्या निष्कर्षाचा आशय सांगता येईल.

हा निष्कर्ष आज सर्वमान्य झाला असला तरी तो पुरेसा नाही, असे म्हणावे लागते. प्रत्येकाची 'क्रॉसरोड्स' वेगळी असेल, तर कोणाचे मत अधिक चांगले आणि कोणाचे कमी चांगले हे ठरविण्याची सोयच राहात नाही. प्रेक्षकाला तुच्छतेतून सोडविण्याच्या भरात त्याला चूक करण्याचा अधिकारही नाकारला जातो. स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या संकेतन-विसंकेतनाच्या प्रतिमानात प्रेक्षक प्रभावी अर्थ स्वीकारतो, त्याच्याशी वाटाघाट करतो किंवा त्याला विरोध करतो. डेव्हिड मॉर्ली यांनी १९८० मध्ये 'नेशनवाइड' या वृत्तविषयक कार्यक्रमाच्या प्रेक्षकांवर ते तपासून पाहिले. वृत्तविषयक कार्यक्रमासाठी हे प्रतिमान उपयुक्त आहे, कारण तेथे संदेश त्या दिवशी पूर्ण होतो. सोप मालिकेत मात्र संदेश कधीच पूर्ण होत नाही. आज दाखविलेला प्रसंग दहा वर्षांपूर्वीच्या प्रसंगामुळे खरा किंवा खोटा ठरतो, आणि तो दहा वर्षांपूर्वीचा प्रसंग आता कोणत्याही पडद्यावर नसून प्रेक्षकाच्या डोक्यात आहे.

स्मृती हाच निकष

सोप मालिकेचे लेखक बदलतात, निर्माते तर दोन-तीन वर्षांत बदलतात. प्रेक्षक टिकतो. त्यामुळे 'हे तिच्या स्वभावाला धरून नाही' या वाक्याला जे वजन आहे, ते नव्याने रुजू झालेल्या पटकथालेखकाच्या कोणत्याही युक्तिवादाला नसते. हे वाक्य सोप मालिकांच्या प्रेक्षकांच्या मतांत सर्वाधिक वेळा आढळते, आणि ते भावनिक उद्गार म्हणून सोडून दिले जाते. खरे पाहता ॲरिस्टॉटलने पात्राच्या सुसंगतीची जी अपेक्षा केली होती, तिचेच हे घरगुती रूप आहे.

'ईस्टएंडर्स'मधील डेन वॉट्सचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. १९८६ च्या नाताळात पबचालक डेन आपल्या पत्नीच्या, अँजीच्या, हाती घटस्फोटाचे कागद देतो तो भाग, पुनःप्रक्षेपण धरून, ३ कोटींहून अधिक लोकांनी पाहिला. १९८९ मध्ये कालव्याकाठी डेनवर गोळी झाडण्यात आली आणि तो मेला असे मानले गेले. २००३ मध्ये तो जिवंत परतला. त्याही भागाला प्रचंड प्रेक्षकसंख्या लाभली, आणि वाहिनीच्या दृष्टीने निर्णय योग्य ठरला. परंतु त्यानंतर या मालिकेतील कोणताही मृत्यू पूर्वीसारखा राहिला नाही. २०१५ मध्ये कॅथी हे पात्रही, पडद्याआड मृत्यू झाल्याचे सांगितल्यानंतर नऊ वर्षांनी, परत आले. अशा पुनरागमनावर नाराज होणारा प्रेक्षक नावीन्याला विरोध करतो असे म्हणणे उथळपणाचे आहे. त्याने मधल्या काळात त्या मृत्यूचा शोक केलेला असतो आणि इतर पात्रांनी केलेला शोक पाहिलेला असतो. त्या सर्व प्रसंगांचे मोल एका रात्रीत शून्य होते.

याच्या उलट बाजूचे उदाहरण 'कॉरोनेशन स्ट्रीट'मधील हेली क्रॉपर. १९९८ मध्ये हे पारलिंगी पात्र प्रथम आले तेव्हा रॉय या बुजऱ्या माणसाच्या फसलेल्या भेटींपैकी एक, एवढीच त्याची योजना होती. अभिनेत्री ज्युली हेस्मंडहॅल्श यांचा अभिनय आणि प्रेक्षकांची आपुलकी यांमुळे ते पात्र राहिले. जानेवारी २०१४ मध्ये, स्वादुपिंडाच्या कर्करोगाने ग्रासलेली हेली स्वतःचा शेवट करते, तोपर्यंत सोळा वर्षे लोटली होती. या सोळा वर्षांत कोणत्याही एका भागाने प्रेक्षकांना काही शिकविले नाही. हेलीने शिवणकाम केले, कॅफेत चहा दिला, नवऱ्याशी लहानसहान गोष्टींवरून वाद घातला. 'ईस्टएंडर्स'ने १९९१ मध्ये मार्क फाउलरला एचआयव्हीची बाधा झाल्याचे दाखविले आणि त्यालाही पुढे बारा वर्षे मंडईत भाजी विकू दिली. प्रबोधनाचा हेतू असलेल्या कथानकांपैकी जी टिकली ती अशी, दैनंदिनीत मुरलेली होती. मत बदलले ते सहवासाने.

आणि मग १ जानेवारी २०११ च्या आगेमागे आलेले 'ईस्टएंडर्स'मधील बालक-अदलाबदलीचे कथानक. रॉनी या पात्राचे नवजात बाळ झोपेत अचानक दगावते आणि ती शेजारच्या कॅटचे बाळ उचलून त्या जागी आपले मृत बाळ ठेवते. बीबीसीकडे हजारो तक्रारी आल्या. प्रेक्षकांना दुःखद विषय सोसवत नाहीत, असा अर्थ काही स्तंभलेखकांनी काढला. तक्रारींचा मुद्दा नेमका उलट होता. बाळाचा मृत्यू दाखविण्याबद्दल फारसा आक्षेप नव्हता, किंबहुना असे दुःख भोगलेल्या काही पालकांना तो विषय मांडला जावा असेच वाटत होते. आक्षेप हा होता की, अशा आईचे दुःख दाखविता दाखविता तिला दुसऱ्याचे बाळ पळविणारी ठरविले गेले. म्हणजे दुःख हे केवळ गुन्ह्याचे निमित्त झाले. हा आक्षेप कथानकाच्या रचनेवरचा आहे आणि कोणत्याही साहित्यसमीक्षकाने अभिमानाने मांडावा असा आहे. बीबीसीने कथानक नियोजित वेळेआधी आवरते घेतले. मात्र वृत्तपत्रांतून लक्षात राहिली ती तक्रारींची संख्या.

या स्मृतीची एक काळी बाजूही आहे व ती टाळून चालणार नाही. 'आमची गल्ली अशी नव्हती' हे वाक्य लेखकाच्या निष्काळजीपणाविरुद्ध वापरता येते, तसेच ते नव्या शेजाऱ्याविरुद्धही वापरता येते. दक्षिण आशियाई लोकवस्ती मोठ्या प्रमाणात असलेल्या मँचेस्टर परिसरातील 'कॉरोनेशन स्ट्रीट'मध्ये देव अलाहान हे भारतीय वंशाचे, दीर्घकाळ टिकलेले पात्र यावयाला १९९९ साल उजाडले. 'ईस्टएंडर्स'ने सईद व नईमा या दुकानदार दांपत्याला १९८५ मध्ये सुरुवातीलाच स्थान दिले, पण ते फार काळ राहिले नाही. ज्या गोष्टी मालिकेने कधी दाखविल्याच नाहीत त्यांची आठवण प्रेक्षकाला असणार नाही. आणि मग जे आठवत नाही ते 'अस्वाभाविक' वाटू लागते. मेरी गिलेस्पी यांनी साउथहॉलमधील पंजाबी तरुणांचा जो अभ्यास १९९५ मध्ये ग्रंथरूपाने मांडला, त्यात हे तरुण 'नेबर्स' या ऑस्ट्रेलियन मालिकेतील शेजाऱ्यांच्या कुचाळक्यांवरून आपल्या घरातील 'इज्जत' या कल्पनेविषयी बोलताना दिसतात. स्वतःसारखे एकही पात्र नसलेल्या मालिकेतून त्यांनी स्वतःचा प्रश्न शोधून काढला. मालिकेने त्यांच्यासाठी काही केलेले नव्हते, हेही तितकेच खरे.

कल्पित कैदी

प्रेक्षकाच्या मताची खिल्ली उडविताना एक उदाहरण हमखास दिले जाते. १९९८ मध्ये 'कॉरोनेशन स्ट्रीट'मधील डिअर्ड्रे ही मध्यमवयीन स्त्री, वैमानिक असल्याची बतावणी करणाऱ्या एका ठगाच्या नादी लागून फसवणुकीच्या खटल्यात तुरुंगात जाते. ठग सुटतो. 'वेदरफिल्डच्या कैद्याला सोडा' अशी मोहीम सुरू झाली, वृत्तपत्रांनी ती उचलून धरली, पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनीही त्यावर भाष्य केले. काही आठवड्यांत डिअर्ड्रे सुटली. भोळ्या प्रेक्षकांना सत्य आणि कल्पित यांतील भेद कळत नाही, याचा हा पुरावा मानला गेला.

यात भोळे कोण, याचा पुन्हा विचार केला पाहिजे. पत्रे लिहिणाऱ्यांना डिअर्ड्रे खरी नाही हे ठाऊक होते. सोडवणूक न्यायालयाने नव्हे तर ग्रॅनाडाच्या लेखकांनी करावयाची आहे, हेही ठाऊक होते. पंतप्रधानांनी केलेला विनोद विनोद म्हणून घेतला जातो, तोच विनोद प्रेक्षकाने केला तर अज्ञान ठरते. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्या प्रकरणी प्रेक्षकाला न्यायालयापेक्षा अधिक माहिती होती. त्याने ठगाचे प्रत्येक खोटे बोलणे पाहिले होते, डिअर्ड्रेची वीस-पंचवीस वर्षांतील लग्ने, घटस्फोट आणि विश्वास टाकण्याची सवय पाहिली होती. सर्व पुरावा ज्याच्यासमोर घडला आहे असा हा साक्षीदार होता. म्हणून त्याच्या निवाड्याला काहीएक आधार होता.

दुपारचा निवाडा

निवाड्याच्या या आधाराचा प्रश्न दिवसाच्या कार्यक्रमांत अधिक धारदार होतो. ब्रिटनमध्ये प्रक्षेपणाच्या तासांवर असलेले सरकारी निर्बंध १९७२ च्या प्रारंभी उठले, आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरात आयटीव्हीने दुपारचे कार्यक्रम सुरू केले. यॉर्कशायरमधील शेतकरी कुटुंबाची 'एमरडेल फार्म' ही मालिका मुळात या दुपारच्या वेळेसाठी निर्माण झाली. ती रात्री आणि देशव्यापी महत्त्वाची पुढे झाली. तिच्यासोबतच आली 'क्राउन कोर्ट' (१९७२ ते १९८४).

'क्राउन कोर्ट'चा विसर पडला आहे, हे दुर्दैवच. फुलचेस्टर या काल्पनिक गावातील न्यायालयात चालणारा एक खटला तीन दुपारी दाखविला जाई. वकील, आरोपी, साक्षीदार हे नट असत. संवाद लिहिलेले असत. ज्युरी मात्र सामान्य नागरिकांतून निवडलेली असे. फक्त ज्युरीच्या प्रमुखाला बोलावे लागत असल्याने ती जागा नटाला दिली जाई. निकाल आधी ठरलेला नसे. ज्युरी खरोखर विचारविनिमय करी आणि दोन्ही शक्यतांसाठी नटांना तयारी ठेवावी लागे. तीन दुपारी पुरावा ऐकल्याखेरीज कोणाला दोषी म्हणावयाचे नाही, एवढा साधा संकेत या कार्यक्रमाने पाळला. घरी बसलेल्या प्रेक्षकालाही तेच आणि तेवढेच पुरावे मिळत, त्यामुळे त्याचे मत ज्युरीच्या मताशी ताडून पाहता येई. पटकथेच्या हाती निकाल नसलेले असे नाटक त्यानंतर दूरचित्रवाणीने क्वचितच केले असेल.

१९८६ च्या ऑक्टोबरात बीबीसीनेही दिवसाची नियमित सेवा सुरू केली. १९८८ मध्ये लिव्हरपूलच्या आल्बर्ट डॉकमधून रिचर्ड मॅडली व जुडी फिनिगन या दांपत्याचा 'धिस मॉर्निंग' सुरू झाला. दूरध्वनीवरून प्रेक्षक आपली अडचण सांगत आणि सल्लागार डेनिस रॉबर्टसन त्यांना उत्तर देत. २०१६ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत त्या या कार्यक्रमाशी संबंधित होत्या. येथे प्रेक्षकाच्या मताला फारसे काम नव्हते. तो ऐकत असे.

२००५ मध्ये आयटीव्हीवर 'द जेरेमी काइल शो' आला तेव्हा चित्र पालटले. कौटुंबिक भांडणे, पितृत्वाची चाचणी, खोटे पकडण्याचे यंत्र, आणि समोर ओरडणारे प्रेक्षागृह. २००७ मध्ये मँचेस्टरमधील एका न्यायाधीशाने या कार्यक्रमात झालेल्या मारहाणीच्या खटल्यात त्याची तुलना अस्वलावर कुत्री सोडण्याच्या जुन्या खेळाशी केली, फक्त येथे अस्वलाच्या जागी माणसे होती. त्यानंतरही कार्यक्रम बारा वर्षे चालला. मे २०१९ मध्ये, यंत्राच्या चाचणीत 'खोटा' ठरविला गेलेला एक सहभागी चित्रीकरणानंतर काही दिवसांत मृत्यू पावला आणि कार्यक्रम कायमचा बंद झाला. तो भाग प्रक्षेपित झालाच नाही. संसदेच्या समितीने चौकशी केली असता त्या यंत्राची अचूकता नेमकी किती, हे निर्मात्यांनाही सांगता आले नाही. सहभागी व्यक्तींच्या हिताचे रक्षण करणारे ऑफकॉमचे नियम २०२१ मध्ये लागू झाले.

या कार्यक्रमाचा प्रेक्षक हा सोप मालिकेच्या प्रेक्षकाहून वाईट माणूस होता काय? तसे मानण्यास आधार नाही. अनेक घरांत तो एकच माणूस होता. सकाळी काइल आणि सायंकाळी 'एमरडेल', आणि दोन्हीकडे त्याला तोच प्रश्न विचारला जात होता: चूक कोणाची? पण सायंकाळी त्याच्यापाशी वर्षांचा पुरावा होता, आणि ज्याच्याविषयी तो बोलत होता ते पात्र होते. सकाळी त्याला दहा मिनिटे मिळत, निवेदकाने निवडलेला प्रसंग मिळे, अचूकता अज्ञात असलेल्या यंत्राचा निकाल मिळे, आणि समोरचा माणूस खरा असे. मालिकेतील दुष्ट पात्राला प्रेक्षक उद्या पुन्हा भेटतो. त्याला शिक्षा करून झाल्यावर त्याच्यासोबत त्याच गल्लीत राहावे लागते, म्हणून आजच्या रागाला काही मर्यादा पडते. काइलच्या मंचावरून उतरलेला माणूस मात्र प्रेक्षकाच्या दृष्टीने जाहिरातींनंतर अस्तित्वात नसे. निवाड्याची सवय सोपनेच लावली, असा आरोप कधी कधी केला जातो. तो मान्य करता येत नाही. काइलच्या कार्यक्रमाने सवय घेतली, आणि तिला आवरणारा सहवास तेवढा वगळला.

मोजणी

मताला व्यासपीठ देण्याचे प्रयत्न ब्रिटिश वाहिन्यांनी केले नाहीत असे नाही. बीबीसीवर 'पॉइंट्स ऑफ व्ह्यू' १९६१ पासून प्रेक्षकांची पत्रे वाचून दाखवी, पण बहुधा हसत हसत; पत्र म्हणजे दोन विनोदांच्या मध्ये ठेवण्याची गोष्ट. चॅनल ४ च्या 'राइट टू रिप्लाय'ने (१९८२ ते २००१) अधिक धाडस केले. 'व्हिडिओ बॉक्स' नावाच्या खोलीत बसून कोणीही आपले म्हणणे चित्रित करू शके आणि निर्मात्याला त्याला प्रत्यक्ष उत्तर द्यावे लागे. निर्मात्याने पात्राचा इतिहास विसरला आहे हे त्याला तोंडावर सांगता येण्याची ती एक जागा होती. ती बंद झाल्यावर तिच्याजागी काय आले, तर तक्रारीचा अर्ज. अर्ज नियमभंग झाला काय एवढेच विचारतो. बेचव लेखन, पात्राशी केलेली गद्दारी, उथळपणे वापरलेले दुःख, यांपैकी कशानेही नियम मोडत नाही. त्यामुळे उत्तम मतही निकालात निघते, आणि मागे उरतो आकडा.

'डॉक्टर्स' या बीबीसीच्या मालिकेचा शेवट या संदर्भात नोंदविण्याजोगा आहे. २००० पासून ती दुपारच्या वेळी दाखविली जाई. बर्मिंगहॅममध्ये निर्माण होई आणि लेदरब्रिज या काल्पनिक गावातील दवाखान्यात घडे. म्हणजे सोप मालिका आणि दिवसाचा कार्यक्रम ही दोन्ही रूपे तिच्यात एकत्र आली होती. अनेक नवोदित लेखकांनी आणि नटांनी दूरचित्रवाणीचे पहिले काम तेथे केले. दर भागात एक रुग्ण येई आणि त्याची गोष्ट बहुधा त्याच दुपारी संपे. डॉक्टर मात्र वर्षानुवर्षे तेच असत. रुग्णाविषयी घाईने बनविलेले मत अर्ध्या तासात बदलावे लागे, हा तिचा ठरलेला खेळ होता. वृत्तपत्रीय समीक्षकांनी तिच्याकडे क्वचितच पाहिले. २०२३ मध्ये बीबीसीने वाढत्या खर्चाचे कारण देऊन ती बंद करण्याचे जाहीर केले आणि १४ नोव्हेंबर २०२४ रोजी शेवटचा भाग दाखविला गेला. 'क्रॉसरोड्स' जेथे जन्मली त्याच शहरात, चोवीस वर्षांच्या स्मृतीचा प्रेक्षक त्या दुपारनंतर कामाविना राहिला. पुढे २०२५ मध्ये आयटीव्हीनेही 'कॉरोनेशन स्ट्रीट' आणि 'एमरडेल' यांचा आठवड्यातील एकूण वेळ कमी करून २०२६ पासून प्रत्येकी अर्ध्या तासाचे पाच भाग दाखविण्याचे ठरविले. केन बार्लोची गल्ली दिवसाला अर्ध्या तासावर आली. १९६० च्या त्या पहिल्या भागाची लांबीही एवढीच होती.